‘तुझा विश्वास कमी पडला’

गेल्या वर्षी एकाच आठवड्यात माझ्यावर दोन आरोप झाले. पहिला एका शिबिरात. रात्रीची जेवणं झाल्यावर गप्पा चालल्या होत्या. बोलता बोलता मी म्हटलं की मी रोज प्रार्थना करते आणि देव चमत्कार करू शकतो असं मानते. एक जुनी मैत्रीण हातातलं ताट तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. “एम. एस. डब्ल्यू. केलंस, दहा वर्षं वस्तीत काढलीस, आणि अजून चमत्कार?” बाकीच्या हसल्या. मीही हसले, पण ते लागलं.

दुसरा आरोप त्याच रविवारी. उपासना सुटल्यावर एका प्रार्थनासभेच्या बंधूंनी मला रस्त्यात गाठलं. त्यांच्या सभेला येणाऱ्या एका बाईला मी परत दवाखान्यात नेलं होतं, ते त्यांच्या कानावर गेलं होतं. ते म्हणाले, “भगिनी, तुम्ही फार शिकलात, त्यात विश्वास हरवून बसलात. तुमच्यात ईजबेलचा आत्मा शिरला आहे.” ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ईजबेल ही बायबलमधली एक दुष्ट राणी. आमच्याकडे जी बाई उलट बोलते, सभेत प्रश्न विचारते, नवऱ्याच्या मुठीत राहत नाही, तिला हा आत्मा लागला म्हणतात. पुरुषाला तो लागल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

म्हणजे एका दारात मी अंधश्रद्ध आणि दुसऱ्या दारात अविश्वासू. हे दोन्ही शिक्के मला मान्य नाहीत. चमत्कारावर श्रद्धा असणं आणि चमत्काराचा दावा तपासून घेणं, यात विरोध आहे असं दोन्हीकडची माणसं धरून चालतात. माझं म्हणणं उलट आहे. जिची श्रद्धा खरी आहे तिनं तर आधी तपासलं पाहिजे. आणि तपासताना पहिला प्रश्न ‘हे विज्ञानात बसतं का’ हा नसून ‘याची किंमत कोण मोजतंय’ हा असला पाहिजे. माझ्या अनुभवात ती किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते.

तिच्या गोळ्या, तिची साक्ष

२०१६ सालची गोष्ट. मी कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. आमच्या समुपदेशन केंद्रात धुणीभांडी करणारी एक बाई येत असे. नवरा मारायचा म्हणून ती पहिल्यांदा आली. नंतर कळलं की तिला टीबी झालाय आणि सरकारी दवाखान्यातून डॉट्सची औषधं सुरू झाली आहेत. सहा महिन्यांचा कोर्स होता. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताप गेला, खोकला उतरला, भूक लागायला लागली. त्याच सुमारास शेजारीण तिला आरोग्यदानाच्या प्रार्थनासभेला घेऊन गेली. पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, तेल लावलं. पुढच्या आठवड्यात तिला व्यासपीठावर उभं केलं, हातात माइक दिला. ती म्हणाली, “मला टीबी होता, प्रभूनं मला बरं केलं.” पाचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या बोलण्याला टाळ्या पडल्या होत्या, हे ती मला नंतर स्वतःच म्हणाली.

मग तिला सांगण्यात आलं की देवानं बरं केल्यावरही गोळी घेणं म्हणजे देवावर संशय घेणं. तिनं गोळ्या बंद केल्या. डॉट्सवाली ताई घरी आली की ती दार लावून घ्यायची. काही महिन्यांनी ती रक्त ओकत आली. तपासणीत औषधांना न जुमानणारा टीबी निघाला. पुढे दोन वर्षांचे उपचार, त्यात रोजची इंजेक्शनं, त्या इंजेक्शनांनी कानांवर परिणाम. आज तिच्याशी बोलायचं तर समोर बसून, मोठ्यानं बोलावं लागतं.

सभेतले लोक तिला भेटायला आले होते. त्यांनी प्रार्थना केली आणि जाताना निदानही केलं. देवानं त्याचं काम केलं होतं, तुझा विश्वास कमी पडला. शिवाय तू नवऱ्याविरुद्ध पोलिसांत गेलीस, घरात क्षमा नाही, म्हणून सैतानाला वाट मिळाली.

ते गेल्यावर तिनं मला विचारलं, “ताई, किती कमी पडला असेल हो?”

हा प्रश्न मी आजवर विसरू शकलेले नाही. त्या सभेचा सगळा हिशोब त्यात आहे. बरं वाटलं तर श्रेय पाळकाच्या हाताला, बिघडलं तर दोष बाईच्या मनाला. असा हिशोब मांडला की दुकान कधीच तोट्यात जात नाही.

आता यातलं शास्त्रही समजून घेऊ, कारण वस्तीत आपल्याला ते समजावून सांगावं लागतं. टीबीचं औषध सुरू झालं की बहुतेकांना काही आठवड्यांतच बरं वाटू लागतं. जंतू मात्र पूर्ण मेलेले नसतात. उरतात ते चिवट, आणि त्यांना संपवायलाच बाकीचे महिने लागतात. अर्धवट सोडलं की ते पुन्हा वाढतात, आणि औषधाला दाद न देणारे जंतू माजण्याचा धोका असतो. म्हणजे ‘बरं झाल्याची साक्ष’ ज्या आठवड्यात दिली जाते, नेमका तोच आठवडा गोळी सोडण्यासाठी सगळ्यात वाईट. फिट्सचंही असंच. दोन फिट्समध्ये कधी आठ दिवस जातात, कधी आठ महिने. मधल्या शांततेला कुणीही आपलं नाव देऊ शकतो. आणि फिट्सच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर एकामागून एक फिट्स येऊन जीवही जाऊ शकतो. सांधेदुखी, पाठदुखी गर्दीच्या आणि गाण्यांच्या भरात तासभर जाणवतही नाही. व्यासपीठावर काठी फेकणारी म्हातारी खोटं बोलत नसते. तिला त्या क्षणी खरंच बरं वाटत असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी माइक घेऊन कुणी जात नाही.

आणि मूल होत नाही म्हणून चाळीस दिवसांचे उपवास धरणाऱ्या बाया? त्यांच्यातल्या कितीजणींच्या नवऱ्यांची साधी तपासणी झालेली असते? आमच्या केंद्रात आलेल्या अशा बायांना हा प्रश्न विचारला की बहुतेक जणी खाली बघतात.

शास्त्र काय सांगतं

बंधू मला म्हणतात, बायबल वाचा. वाचते ना. माझी आजी नगर जिल्ह्यात बायबलबाई होती, गावोगाव पायी फिरायची. मी अक्षरं तिच्या शुभवर्तमानावरच गिरवली. तेव्हा बायबलमधूनच बोलू.

येशूनं कुष्ठरोग्याला बरं केलं आणि त्याला याजकाकडे पाठवलं. त्या काळी कातडी तपासून माणूस शुद्ध झाला की नाही हे ठरवण्याचं काम याजकाचं होतं. म्हणजे येशूनं बरं केलं आणि वर तपासणीलाही पाठवलं. सैतानानं त्याला मंदिराच्या टोकावरून उडी मारायला सुचवलं, देव झेलेल म्हणून. येशूनं नकार दिला, देवाची परीक्षा पाहायची नसते म्हणाला. इन्सुलिन बंद करून देव झेलतो का ते बघायला सांगणं ही याहून वेगळी उडी आहे का? आणि उडी मारायला सांगत कोण होतं, तेही लक्षात ठेवावं.

याईराची मुलगी उठून बसल्यावर येशूनं भोवतालच्यांना सांगितलं, तिला काहीतरी खायला द्या. चमत्कारानंतरही पोरीला जेवण लागतंच, हे त्याला कळत होतं. पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी अवस्थेत मागे ठेवलं. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्यानं थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती उपाय कळवला. त्या दोघांचा विश्वास कमी पडला असं पौल कुठेही म्हणत नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूनं दोघांचंही नाही म्हणून सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वी निकालात निघालेला प्रश्न आमचे बंधू आजही रोग्याच्या खाटेपाशी घेऊन येतात.

आणि बारा वर्षं रक्तस्राव होणारी ती बाई! वैद्यांच्या मागे सगळा पैसा गेलेली. त्या काळच्या नियमानं विटाळशी, कुणाला स्पर्श न करण्याच्या लायकीची. ती गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवली. त्यानं तिला शोधलं, तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, मुलगी म्हणून हाक मारली. अर्पणाची थाळी फिरवली नाही. पुढच्या रविवारी साक्ष द्यायला ये म्हणाला नाही.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात फिलिप्पै गावातली एक दासी आहे. तिच्यात भविष्य सांगणारा आत्मा होता आणि त्यावर तिचे मालक पैसा कमवत होते. पौलानं तो आत्मा घालवला तेव्हा मालक खवळले, कारण कमाई बुडाली. पौलाला आणि सीलाला फटके बसले, तुरुंगात जावं लागलं. ती दासी बरी झाली याचा आनंद त्या मालकांना झाल्याचं लिहिलेलं नाही. अलौकिक गोष्टीच्या मागे कुणाचा धंदा आहे हे पाहायचं, हे मी चळवळीत येण्याआधी याच गोष्टीत शिकले.

एक अजून. पुनरुत्थानाची पहिली बातमी बायांनी आणली, तेव्हा शिष्यांनी ती वायफळ बडबड ठरवली. तेव्हा बाईची साक्ष चालत नव्हती. आज चालते. फक्त ‘बरी झाले’ म्हणाली तरच. ‘बरी झाले नाही’ म्हणाली की तिची पुन्हा बडबड होते.

चाळणी कुणाच्या हातात?

चर्चला तपासणी माहीत नाही असं नाही. संतपद देण्यासाठी पुढे आलेला चमत्कार रोमन कॅथलिक चर्च डॉक्टरांच्या मंडळापुढे ठेवतं. आजार गंभीर होता का, तो एकदम गेला का, पूर्ण गेला का, परत आला नाही ना, औषधानं गेला असेल का, असे प्रश्न विचारले जातात. २०१६ साली याचे नियम आणखी कडक झाले. सात तज्ज्ञांपैकी निदान पाच जणांचा होकार लागतो आणि तज्ज्ञांचं मानधन बँकेमार्फतच द्यावं लागतं. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८पासून लाखो आजारी जात आले. चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या आसपासच आहेत. मे २०२४मध्ये व्हॅटिकननं दर्शनं, रडणाऱ्या मूर्ती अशा प्रकारांसाठी नवे नियम काढले. बिशपांनी अशी घटना अलौकिक असल्याचं सहसा जाहीर करू नये, पैसा आणि सत्ता यांचा वास येतो का ते पाहावं, आणि अलौकिक अनुभवाचा दावा करून माणसांवर ताबा मिळवणं किंवा त्यांचा गैरफायदा घेणं ही विशेष गंभीर गोष्ट मानावी, असं त्यात आहे.

हे वाचून मला बरं वाटलं. पण चाळणी कागदावर असणं आणि हातात असणं यात अंतर आहे. मार्च २०१२मध्ये मुंबईत इर्ल्याच्या वेलंकणी माता चर्चबाहेरच्या क्रुसावर येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते पाणी भांड्यांत धरू लागले, काही जण प्यायले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडमरुकू यांनी पाहणी करून सांगितलं की जवळचं गटार तुंबलंय आणि ते पाणी भिंतीतून वर चढतंय. चर्चनं तो चमत्कार म्हणून जाहीर केलेला नव्हता. तरी काही कॅथलिक मंडळींनी धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी केल्या आणि एडमरुकूंना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. त्यांच्या सगळ्या बोलण्याशी मी सहमत नाही. पण गटाराचं पाणी पिऊ नका म्हणणाऱ्यावर खटला आणि पिणाऱ्यांना कुणी अडवायचं नाही, ही कुठली श्रद्धा?

पश्चिम बंगालमधल्या एका संताळ आदिवासी बाईच्या पोटातली गाठ १९९८ साली गेली. मदर तेरेसांच्या नावाचं पदक पोटावर ठेवल्यानं ती गेली, असं म्हणून २००३मध्ये मदरना धन्य घोषित केलं गेलं. तिच्यावर उपचार करणाऱ्या सरकारी डॉक्टरांनी सांगितलं की ती गाठ टीबीची होती आणि महिनोन्‌महिने दिलेल्या औषधांनी गेली. त्या बाईची स्वतःची श्रद्धा आहे, तिचा मी आदर करते. पण या वादातून देशभरच्या वस्त्यांत काय पोचलं? पदकाची गोष्ट घरोघर गेली, औषधाची गेली नाही.

निदान तिथे नियम तरी आहेत. आपल्या वस्त्यांत भाड्याच्या हॉलमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये आणि आता मोबाइलवर चालणाऱ्या सभांना ना बिशप, ना डॉक्टर, ना हिशोबनीस. पडद्यावर हात ठेवा म्हणतात, खाली पैसे पाठवायचा चौकोनी कोड असतो.

कायद्याचं काय?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं, चमत्कार दाखवून पैसे उकळणं, मूल देतो म्हणून लैंगिक शोषण करणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो कुठल्याही एका धर्मापुरता नाही, हे आमच्या मंडळींनी ध्यानात घ्यावं. प्रार्थना, उपासना यांना त्यानं हात लावलेला नाही, हेही ध्यानात घ्यावं.

पण त्यातली एक फट बघा. वैद्यकीय उपचारांपासून रोखणं हा गुन्हा परिशिष्टात नाव घेऊन मांडलाय तो कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर. टीबी, फिट्स, मधुमेह, बाळंतपणानंतरचा मानसिक आजार यांची औषधं बंद करायला लावणाऱ्याला नेमकं कुठल्या कलमात बसवायचं? १९५४चा औषधे व जादुई उपाय कायदा मधुमेह, फिट्स, कर्करोग अशा आजारांवर जादुई उपायांची जाहिरात करायला मनाई करतो. पण ‘सर्व रोगांपासून मुक्ती’ असे फलक चौकाचौकांत झळकताना आपण पाहतोच.

‘घरातलं बाहेर काढू नका’

आता सगळ्यात अवघड भाग. हे लिहू नकोस असं मला माझ्या जवळच्या माणसांनी सांगितलं. प्रार्थनासभांवर जमाव चालून येतात, साध्या प्रार्थनेला धर्मांतर म्हणतात, पाळकांना मारहाण होते. आसाममध्ये २०२४ साली जादुई उपचारांविरुद्ध कायदा झाला, तेव्हा खुद्द मुख्यमंत्र्यांनीच त्याचा संबंध धर्मप्रसार रोखण्याशी जोडला. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं ही जादू नव्हे, असं तिथल्या ख्रिस्ती मंडळींना सांगत बसावं लागलं. अशा वेळी आपलाच माणूस बोलला तर हत्यार विरोधकांच्या हाती जातं, असं ते म्हणतात.

ही भीती खोटी नाही. माझ्या घरालाही ती आहे. ज्यांना वस्तीतल्या बाईच्या फुप्फुसांशी काही देणंघेणं नाही आणि फक्त तिचा धर्म मोजायचा आहे, त्यांनी माझा लेख हातात घेऊन नाचू नये. त्यांच्याकडचे बुवा-बाबाही मला माहीत आहेत.

पण मैत्रिणींनो, हे वाक्य आपण आधी कुठे ऐकलंय? मार खाणाऱ्या प्रत्येक बाईला हेच सांगितलं गेलं. घरातलं बाहेर काढू नकोस, घराचं नाव जाईल. दलित बाईला सांगितलं, समाजावर आधीच हल्ले होताहेत, आत्ता नको. शाहबानो प्रकरणात मुस्लिम बायांना हेच सांगितलं. आम्हा ख्रिस्ती बायांनाही सांगितलं. १८६९च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरत होतं. बायकोला व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा सोडून देणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. तेव्हाही उपदेश हाच, प्रार्थना कर, नवरा बदलेल. बदलला तो कायदा, २००१ साली, १३२ वर्षांनी, आणि तोही बाया कोर्टात आणि रस्त्यावर उभ्या राहिल्या म्हणून. ‘आत्ता नको’ म्हणणाऱ्यांचा ‘आत्ता’ कधी येत नाही.

शिवाय गप्प बसून समाज वाचत नाही. आपल्या बायांची काळजी आपण घेतो, आपल्यातल्या धंदेवाइकांना आपणच अडवतो, हे दिसलं तर प्रार्थनेचा हक्क आपण जास्त ताठ मानेनं मागू शकू.

चळवळीतल्या मैत्रिणींना

तुमच्याशीही भांडण आहे. बाई तिथे का जाते हे तुम्ही विचारता ते बहुतेक वेळा हसत. जरा नीट विचारा. आपल्या केंद्राची वेळ अकरा ते पाच. तेव्हा ती लोकांच्या घरी भांडी घासत असते. प्रार्थनासभा रात्री आठला भरते. तिथे तिला कुणी अर्ज भरायला सांगत नाही. ती मोठ्यानं रडली तरी कुणी गप्प कर म्हणत नाही. डोक्यावर मायेचा हात ठेवतात, नावानं हाक मारतात. कधी कधी चार बंधू घरी जाऊन नवऱ्याची दारूही सोडवतात. सरकारी दवाखान्यात तीच बाई तीन तास रांगेत उभी राहते आणि डॉक्टर मान वर न करता कागद पुढे सरकवतो. या दोन जागांमधून तिनं दुसरी निवडावी असं आपण म्हणतो, तेव्हा आपण काय मागतोय हे कळतं का आपल्याला?

आणि श्रद्धेनं बाई नेहमी लुळीच होते असंही नाही. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि लगेच वांटेजच्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून दुसऱ्या जोखडाखाली मान द्यायला त्या तयार नव्हत्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली आत्मिक जागृतीची लाट आली, मुली तासन्‌तास रडून प्रार्थना करत होत्या. पण त्याच मुक्तीत छापखाना होता, विणकाम होतं, अंध मुलींचं शिक्षण होतं. ज्या रात्री पुरुष डॉक्टर चालत नाही म्हणून तीन बाया बाळंतपणात गेल्या, त्यानंतर आयडा स्कडरनं देवाची हाक ऐकली ती डॉक्टर होण्याची. १९१८मध्ये तिनं वेल्लोरला मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. बायांना मरताना पाहून तिनं नुसतं तेल लावलं नाही.

माझी आजी

माझ्या आईच्या दुसऱ्या बाळंतपणात खूप रक्त गेलं. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त नव्हतं. आजी रात्रभर खाटेशी गुडघ्यांवर होती. पहाटे एक अनोळखी ट्रकड्रायव्हर, स्वतःच्या पायाची जखम बांधायला आलेला, त्याचं रक्त जुळलं. आई वाचली. आजी मरेपर्यंत त्याला चमत्कार म्हणायची. मीही म्हणते. कुणी योगायोग म्हणालं तर मी भांडणार नाही.

पण आजी ही गोष्ट कधी तिथेच संपवायची नाही. शेजारच्या खाटेवरची बाई त्याच रात्री गेली. तिची आईही प्रार्थना करत होती, आपल्या देवाची. आजी म्हणायची, “त्या माउलीचं रडणं देवानं ऐकलं नाही असं मी कशी म्हणू? मला कळत नाही, एवढंच.” त्या बाईचा विश्वास कमी पडला, असं आजीच्या तोंडून कधी आलं नाही. गावोगाव फिरताना तिच्या पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तकांबरोबर हिवतापाच्या गोळ्याही असायच्या. आधी प्रार्थना करायची, मग गोळी द्यायची आणि समोर बसून गिळायला लावायची.

ज्या श्रद्धेला ‘मला कळत नाही’ म्हणता येतं ती श्रद्धा माझी. जिला सगळं कळतं, कुणाचा विश्वास किती भरला आणि किती कमी पडला हेही कळतं, तिला मी धंदा म्हणते.

वस्तीत विचारायचे पाच प्रश्न

बाईची श्रद्धा न दुखावता हे प्रश्न विचारता येतात. मी विचारते.

१. प्रार्थना करणारा औषध चालू ठेवायला सांगतो की बंद करायला?

२. बरं झाल्याची तपासणी करून घ्यायला तो तयार आहे की त्याला राग येतो?

३. पैसे, दागिना, दशांश यांचा तगादा आहे का? हिशोब कोण बघतं?

४. बंद खोलीत, एकटीला बोलावतो का? अंगाला हात लावणं, मारणं, उपाशी ठेवणं आहे का?

५. गुण आला नाही तर दोष कुणाच्या माथी?

आणि आमच्या मंडळींकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक पाळकानं वेदीवरून सांगावं की प्रार्थनेसाठी कुणीही औषध सोडायचं नाही. आजार गेल्याची साक्ष डॉक्टरांचे कागद पाहिल्याशिवाय आणि सहा महिने उलटल्याशिवाय घेऊ नये. दुष्टात्मा काढण्याच्या नावाखाली बाईच्या अंगाला हात लागणार नाही, आणि तक्रार ऐकायला मंडळीत बायांची समिती असेल. आणि ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्याही हातात माइक द्यावा.

२०१६ साली तिनं मला विचारलं होतं, किती कमी पडला असेल. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, मी नुसता तिचा हात धरला. नंतर एकदा समोर बसून, मोठ्यानं सांगितलं, “तुझा काही कमी पडला नाही. तुला फसवणारे कमी पडले आणि आम्ही उशिरा पोचलो.” ती अजून प्रार्थनेला जाते, दुसऱ्या एका मंडळीत. दाराजवळ बसते. नवी बाई आली, खोकताना दिसली, की तिला आधी विचारते, “गोळ्या चालू आहेत ना?” आणि उत्तर नीट ऐकू यावं म्हणून कान पुढे करते.